डावा मडगार्ड

तिकिटं मुलीने काढली, मधल्या रांगेतली, महागडी.
म्हणाली, बाबा, तुमच्या मालकावरचा सिनेमा आहे.
मी लग्नातला कोट काढला.
बटण लागत नव्हतं, तरी लावलं.
बाहेर पानारोच्या काठाने धुकं इतकं दाटलेलं
की थिएटर सापडलं ते मक्याच्या लाह्यांच्या वासावरून.

सुरुवातीलाच चूक.
आदेल्मो बेर्ताकी जिना उतरतो, पांढराशुभ्र शर्ट,
आणि आम्हा कामगारांपुढे भाषण ठोकतो
वेगावर, नियतीवर, इटलीवर.
बेर्ताकी आणि भाषण!
एकवीस वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला
ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं,
आणि त्यातही निम्म्या ओळी
'पुन्हा कर' एवढ्याच.

मी नटाचे हात बघत बसलो.
लोण्यातून काढल्यासारखे हात.
खऱ्याच्या उजव्या करंगळीचं पेर लेथने खाल्लेलं,
आणि पत्र्यावर तळवा फिरवताना तो डोळे मिटायचा,
आंधळ्या आजोबाने नातवाचं तोंड चाचपावं तसा.
पडद्यावरचा नुसता बघतो गाडीकडे,
नवरीकडे बघावं तसा. मागे व्हायोलिनं.

सत्तावन्नचा हिवाळा त्यांनी दीड मिनिटात उरकला.
थोडं बर्फ, बँकेचं बंद दार,
की लगेच शर्यतीचा झेंडा.
चार महिने पगार नव्हता.
गोदामात कांद्याची पोती आली होती पगाराऐवजी,
आणि आमच्या अख्ख्या गल्लीला
वसंत येईस्तोवर कांद्याचा वास होता.
माझी बायको योले
पुढे कधी चांगल्या दिवसांतही
कांदा चिरताना शिवी द्यायची, नाव घेऊन.
सिनेमात कांदा नाही.

मग लिनोचा अपघात.
त्यांनी पाऊस पाडला, चाकं हळूहळू फिरवली,
बेर्ताकीला चिखलात गुडघ्यावर बसवून रडवलं.
त्या रात्री पाऊस नव्हता.
पॉप्लरच्या रांगेजवळ तो कंदील घेऊन उभा होता
आणि टायरच्या खुणा मोजत होता टेपने,
एकदा, मग पुन्हा, पहाट होईपर्यंत.
टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
मी त्याचा द्वेष केला तेव्हा.
ते दुःख होतं की ब्रेकचा हिशेब,
मला आजही सांगता येणार नाही.
सिनेमाला मात्र पक्कं माहीत आहे.

मध्यंतरानंतर डोळा लागला असावा.
जागा झालो तर कसलीशी मेजवानी चाललेली,
आणि त्या सगळ्या झगमगाटाच्या मागे, कोपऱ्यात,
एक गाडी. खरी.
कुणा स्विस शौकिनाकडून आणलेली असणार.
डावा मडगार्ड.
दिव्याच्या वर बोटभर अंतरावर
मसुरीच्या दाण्याएवढा खळगा,
उजेड तिथे येऊन जरासा अडखळतो.

त्रेसष्टचा मार्च. आदल्या रात्री मुलगी झालेली,
मी झोपलो नव्हतो, हातोडी घसरली.
संध्याकाळी त्याचा तळवा तिथे आला, थांबला.
मी वाट बघत होतो त्या दोन शब्दांची.
त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं,
आणि हात पुढे गेला.

पडद्यावर तीन सेकंद.
मग हिरोचा खांदा मध्ये आला.
मी मुलीचं मनगट धरलं होतं घट्ट.
काय झालं बाबा?
काही नाही. आवाज फार मोठा आहे.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, कसा वाटला?
म्हटलं, खुर्च्या छान होत्या.
गाडीत बसता बसता कोटाचं बटण तुटलं,
घरंगळत धुक्यात गेलं.
ती मोबाईलचा उजेड पाडून शोधत राहिली,
मी ओल्या डांबरावर
तळवा टेकून.